नाना प्रिंटर बघतात

नाना काहीतरी विकत घेणार आहेत, ही बातमी बदलापूर पूर्वेला एका संध्याकाळीत पसरते. वस्तू घरात यायला मात्र एक दिवाळी आणि दोन महागाई भत्ते उलटावे लागतात. नाना कंजूष नाहीत. पैसे पहिल्याच दिवशी पाकिटात वेगळे निघालेले असतात. त्यांना फक्त फसायचं नसतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणीच्या कामावर नोकरी झाली. तेव्हापासून समोर येणारी प्रत्येक वस्तू नापास करण्यासाठीच आलेली आहे, अशी त्यांची धारणा आहे. छत्रीसुद्धा ते दुकानातच उलटी करून बघतात. असे नाना घरच्या फोटोंसाठी प्रिंटर बघायला निघाले.

कारण तसं रास्त होतं. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदी गावात शिरली, तेव्हा नाना पश्चिमेला तळमजल्यावर राहायचे. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले लग्नाचे अल्बम भिजले. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना अंतरपाटाच्या एका बाजूला नाना राहिले आणि दुसऱ्या बाजूला भटजी. पुढे नाना पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले, पण दुकानात पाऊल टाकल्याबरोबर पहिला प्रश्न ठरलेला : ‘पुराच्या पाण्यात टिकेल का?’ प्रश्न वेडगळ नाही. डायची शाई कागदात मुरते, रंग झळझळीत देते, पण साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की पसरते; पिगमेंट शाईचे कण वर बसतात आणि पाण्याला जास्त दाद देत नाहीत. हे नानांना दुकानदाराच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी ते खिशातून ड्रॉपर काढायचेच.

मला सोबत नेलं ते उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या सिंधी माणसांनी लष्करी छावणीच्या बराकींमधून उभा केलेला हा बाजार. इथला व्यापारी गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच त्याचं बजेट ओळखतो. नानांचं त्याला ओळखता येईना, कारण नानांनी बजेट विचारूच दिलं नाही. त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात एकच फोटो : अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर उभं असलेलं सगळं कुटुंब.

‘हे १०६० सालचं देऊळ. दगड काळा आहे,’ नानांनी बजावलं. ‘छापल्यावर काळाच दिसला पाहिजे.’

यातही नानांचं शास्त्र होतं. माणसाचा चेहरा थोडा तांबूस आला तर आपण तब्येत सुधारली म्हणतो. करड्या-काळ्या दगडात मात्र रंगाची लबाडी लपत नाही. पहिल्या प्रिंटरवर देऊळ निळसर आलं, दुसऱ्यावर हिरवट. ‘शेवाळ धरलंय,’ म्हणत नानांनी दोन्ही नापास केले. लेझर तर त्यांनी बघितलाच नाही. त्यात भुकटी गरम करून कागदावर चिकटवतात. तो कागदपत्रांसाठी चांगला, फोटोच्या चकचकीत कागदाला ती धग सोसत नाही.

मग दुकानदाराने डाय-सब्लिमेशनचं छोटं यंत्र काढलं. यात पातळ शाई नसतेच, रंगाची फीत असते. कागद चार वेळा आत-बाहेर करतो : आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, शेवटी वरून संरक्षक थर. पहिल्या फेरीत सगळं कुटुंब कावीळ झाल्यासारखं बाहेर आलं. दुसऱ्या फेरीत लाजल्यासारखं. तिसऱ्या फेरीला माणसात आलं. देऊळ काळं! नानांनी ड्रॉपरने पाणी सोडलं. थेंब घरंगळून गेला. दुकानदाराने बिलबुक उघडलं.

‘यावर आधारकार्डाची झेरॉक्स निघते का?’ नानांनी विचारलं.

बिलबुक मिटलं. शिवाय चार बाय सहाच्या कागदावर मागच्या रांगेतल्या उंच मेव्हण्याचं कपाळ उडालं होतं. मोबाइलचा फोटो चारास तीन, कागद तिनास दोन; कागद पूर्ण भरायचा तर उंचीचा नववा हिस्सा जाणारच. नानांनी पट्टी लावून मोजलं आणि नववा हिस्सा नेमका मेव्हण्याच्या वाट्याला आला, याचं समाधान चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

दुकानदाराने शेवटी हात जोडून विचारलं, ‘अंकल, पहले ये बताओ, महीने में फोटो कितने निकालोगे?’

‘ते प्रिंटर घेतल्यावर ठरवू,’ नाना म्हणाले.

अख्ख्या चौकशीत विचारण्यासारखा प्रश्न हा एकच होता. वर्षाला दोन बारशी आणि एक सहल एवढेच फोटो असतील, तर स्टेशनजवळच्या स्टुडिओत छापून घेणं स्वस्त पडतं. पण या उत्तरासाठी चौकशी लागत नाही, म्हणून नानांना ते मान्य नव्हतं.

दिवाळीनंतर बाटलीतून शाई ओतायचा इंक टँक प्रिंटर घरी आला. नानांनी हौसेने शिवमंदिर छापलं आणि प्रिंटरवर नानींच्या जुन्या नऊवारीचं कव्हर चढवलं. मे महिन्यात कव्हर काढलं तेव्हा देवळावर आडवे पांढरे पट्टे उमटले. नोझल सुकले होते. हेड क्लीनिंग केलं की ते स्वच्छ होतात, पण त्यातच प्रिंटर बरीच शाई पिऊन टाकतो. ते सुकू नयेत म्हणून आठवड्याला एखादा रंगीत फोटो छापावा, असा सल्ला नानांना मिळाला. तपासणीत वाढलेल्या माणसाला असा नियम म्हणजे वेदवाक्य.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नानी, सून आणि नातू आंघोळी उरकून गॅलरीत उभे राहतात. सणवार असो वा नसो, प्रिंटरला फोटो हवा असतो. मेव्हणे आले तर त्यांना पुढच्या रांगेत खाली बसवतात. नातू आता हसायचेही पैसे मागतो.

परवा नाना जिन्यात भेटले. हातात फोटोंचा गठ्ठा.

‘रविवारी मोकळे आहात?’ त्यांनी विचारलं. ‘उल्हासनगरला जाऊन येऊ. अल्बम बघायचेत.’

‘घ्यायचेत?’

‘छे! आधी बघायचेत.’