रुपयामागे एक आणा

रायगड जिल्ह्यात किल्ल्यांचे बुरूज ढासळतात, जुन्या वाड्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहतात. सरकारी रुग्णालय चालवायची साहेबाच्या काळातली पद्धत मात्र आपण जिवापाड जपली आहे. त्याबद्दल आरोग्य खात्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. शाल-श्रीफळाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, एवढंच ठरायचं बाकी आहे.

इंग्रजांनी जिल्ह्याच्या गावाला तीन गोष्टी दिल्या: कचेरी, तुरुंग आणि सिव्हिल हॉस्पिटल. आमच्या जिल्ह्याच्या गावी, अलिबागेत, तुरुंगाला आंग्र्यांचा हिराकोट किल्ला आयताच मिळाला. साहेब गेला, कुलाबा जिल्ह्याचा १९८१ साली रायगड जिल्हा झाला, पण सिव्हिल सिव्हिलच राहिलं. कागदावर त्याचं नाव जिल्हा सामान्य रुग्णालय. रिक्षावाल्याला ते सांगून बघा, तो तुम्हाला उतरवून देईल. सिव्हिल सर्जनचे झाले जिल्हा शल्यचिकित्सक. आता ते बहुतेक शल्यकर्म फायलींवर करतात, आणि तेही भूल न देता.

साहेबाच्या काळात पैसे यायचे दोन वाटांनी. पहिली वाट शेतकऱ्याच्या खिशातून जायची. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून उकळायला १८६९ च्या कायद्याने रीतसर आधार मिळाला. त्यातून रस्ते, शाळा आणि उरलं तर दवाखाने. म्हणजे भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाने आपल्या तापाची वर्गणी ताप यायच्या आधीच भरायची. दुसरी वाट शेठ लोकांच्या तिजोरीतून. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी एक लाख रुपये काढून दिले, कंपनी सरकारने तेवढेच घातले, आणि १८४५ साली मुंबईत जे.जे. उभं राहिलं. पुण्यात हेच काम डेव्हिड ससून यांनी केलं. भायखळ्याजवळच्या जे.जे.च्या इमारतीला जमशेटजींनी नाव दिलं. पलीकडच्या आमच्या किनाऱ्याने तिला पेशंट दिले, आणि तो पुरवठा आजतागायत खंडित झालेला नाही.

संस्थानी मुलखात तिसरी वाट होती, राजघराण्याची. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्या मागे त्यांचा मुलगा लहान होता, म्हणून १९२२ पासून दहा-अकरा वर्षं संस्थानाचा कारभार कुलसुम बेगमसाहेबांनी पाहिला. मुरूडच्या जनाना हॉस्पिटलला लेडी कुलसुम बेगमांचं नाव मिळालं. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, नवाबीही संपली. नाव मात्र टिकलं, कारण नावाला सिव्हिल सर्जनची मंजुरी लागत नाही, रिक्त पदही भरावं लागत नाही.

आता सरकार आपलं आहे, त्यामुळे पैशाच्या वाटा भरपूर झाल्या. इतक्या, की पैसे त्यांतच रस्ता चुकतात. डॉक्टरांची पदं आरोग्य खात्याची. भिंती आणि छत सार्वजनिक बांधकाम खात्याचं. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. छताचं प्लास्टर पडल्याच्या बातम्या अलिबागकरांनी पुष्कळ वाचल्या आहेत. पण ते कोणत्या खात्याच्या हद्दीतून कोणत्या खात्याच्या कॉटवर पडलं, हे वर्तमानपत्रवाल्यांना कधी नीट लिहिता आलेलं नाही. पूर्वी दवाखान्यात एक कंपाउंडर असायचा आणि बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून लाल औषध द्यायचा. आता औषध बाहेरून आणायला सांगतात. खुणांचा कागद वाचला, हीही काटकसरच.

केसपेपरचे पाच-दहा रुपये रुग्ण कल्याण समितीत जमा व्हायचे. त्यातून नळाचं वॉशर, ट्यूबलाइट, फिनेल असा बारीकसारीक संसार चालायचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हे चांगलंच झालं. गरिबाकडून पाच रुपये घेऊन कुणाचं भलं झालं होतं? फक्त तो निर्णय वॉशरला कुणी कळवलेला नाही.

मोठ्या पैशांसाठी जिल्हा नियोजन समिती आहे. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. आमच्या जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री म्हणून अदिती तटकरे यांचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती आली, कारण त्याच पदावर दावा सांगणाऱ्या महाडच्या भरतशेठ गोगावल्यांचे समर्थक मुंबई-गोवा महामार्गावर उतरले होते. ज्या महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, त्याला त्या दिवशी निदान काही तरी उपयोग सापडला. मूल कुणाचं यावरून भांडण झाल्याचं ऐकलं होतं. पालक कोण यावरून वाद घालणारा जिल्हा आमचाच.

आणि आता कॉलेज. २०२१-२२ पासून अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शंभर जागांचं. कायमची जागा उसरला. तोवर बिऱ्हाड कुरूळला, आरसीएफच्या वसाहतीत. मुलं शरीररचना कुरूळला शिकणार, रुग्ण सिव्हिलला बघणार, आणि रुग्णाचं पुढे काय झालं ते जे.जे.ला फोन करून विचारणार. तीन गावांत विभागलेलं असं शिक्षण परदेशात महाग मिळतं.

पैसा नसला तर काम होत नाही, असं मात्र आमच्या जिल्ह्यात म्हणता येत नाही. महाडच्या बाजूला बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशाने माणसं पटापट मरताना पाहिली, रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आणि रक्तदाबाच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने माणसं वाचवून दाखवली. 'लान्सेट'ने ते छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वेळी त्यांनी आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा असा रीतसर मार्ग धरला असता, तर विंचूही सेवानिवृत्त झाला असता.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. जुनी पद्धत जपायचीच तर पूर्ण जपू. रुपयामागे एक आणा परत आणा. शेतकऱ्याकडून नव्हे, त्याच्याकडे आता शेतच कुठे राहिलंय? तो गुंठेवारीने विकून मोकळा झाला, आणि त्या खाचरात पोहण्याचे तलाव झाले. मांडव्यापासून नागावपर्यंत, किहीम, आवास, सासवणे, जिथे जिथे जमिनीचा व्यवहार होईल तिथे रुपयामागे एक आणा सिव्हिलला. हिशेब केलात तर सव्वासहा टक्के. एवढ्या रकमेत सिव्हिलची नवी इमारत होईल, वॉशर येईल आणि पालकमंत्र्यांच्या दोन्ही दावेदारांना एकेक वॉर्ड नावाने देता येईल.

या जमिनी घेणाऱ्या बंगलेवाल्यांकडून विरोध होईल असं मला वाटलं होतं. एका गृहस्थांशी बोललो, तर ते उलट हसतमुखाने तयार झाले. एकच शंका त्यांनी विचारली, आपल्या नावाची पाटी रस्त्यावरून दिसेल का. हो म्हटल्यावर खूश झाले. मी म्हटलं, शेठ, रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर तुम्हालाही जवळच पडेल. ते दचकले. म्हणाले, "छे हो, आम्ही मुंबईला जातो. मांडव्याहून बोटीने तासाभरात."

मी म्हटलं, आमचे लोकही तिकडेच जातात. गाड्या नेणारी रो-रो बोट सुटून गेलेली असली, की ॲम्ब्युलन्स कार्ले खिंडीतून पोयनाड, धरमतर, वडखळ करत निघते, आणि वडखळच्या नाक्यावर शनिवार-रविवारी तुमच्याच गाड्यांच्या रांगेत उभी राहते. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि विचारलं, वडखळला नावाची पाटी लावायला परवानगी कोण देतं.