दारिद्र्याचा परदेशी अभ्यासक्रम

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामाजिक धोरण शिकायला निघालेल्या आपल्या मुलांना कुणी सांगत नाही की हा विषय तिथे रुजला तो मुंबईच्या पैशावर. १९१२मध्ये रतन टाटांनी (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, परवा-परवा गेले ते नव्हेत) दारिद्र्याच्या अभ्यासासाठी तिथे निधी दिला. त्यातून इतिहासकार आर. एच. टॉनीसाहेबांनी इंग्लंडातल्या साखळ्या घडवणाऱ्यांची आणि शिवणकाम करणाऱ्यांची किमान मजुरी तपासली. गिरणगावात एकेका खोलीत दाटलेल्या बिऱ्हाडांनी तोवर कळ काढली. दारिद्र्य कुठे पळून जाणार होतं?

पुढे १९५०मध्ये याच विषयाच्या पहिल्या प्राध्यापकपदी रिचर्ड टिटमस बसले. त्यांच्याकडे विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. आज त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला असता, आणि शिफारसपत्रं कुणाची जोडली असती देव जाणे.

आता मुंबईचा पैसा पुन्हा तिथेच जातो, फक्त देणगी म्हणून नाही, फी म्हणून. डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवून लेक विषमता शिकायला विमानात बसते. प्रबंधासाठी मध्यमवर्गीय कर्जबाजारीपणा हा विषय उत्तम. क्षेत्रकार्याला बाबांना एक फोन केला की झालं.