बुधवारी जंगल आमचं!

ऐकलंत का? अमेरिकेत जंगलाची वाटणी झाली म्हणे. आणि तीही जमिनीची नव्हे, वारांची!

कोलोरॅडोत बोल्डर शहराच्या पश्चिमेला, डोंगरात, बेटासो नावाची एक राखीव जागा आहे. पाँडेरोसा पाइनची झाडी, आणि त्या झाडीतून हिंडवून तुम्हाला पुन्हा पार्किंगमध्येच आणून सोडणारी कॅन्यन लूप नावाची सव्वापाच किलोमीटरची वाट. एवढ्याशा वाटेवर भांडायला काय असणार, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण तिथला नियम ऐका : बुधवारी आणि शनिवारी सायकलींना बंदी! उरलेल्या दिवशी सायकलवाल्यांनी खुशाल यावं, पण बाण दाखवेल त्याच दिशेनं. आणि हा बाण दर महिन्याला तोंड फिरवतो. विहिरीच्या पाण्यावरून भावकीत पाळ्या लागतात हे ठाऊक होतं. खाऊनपिऊन सुखी माणसांनी फुकटच्या हवेवर पाळ्या लावाव्यात म्हणजे कमालच झाली.

मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईबाबांनी काय करायचं सांगा! चतुर्थी कधी ते कॅलेंडरात बघायचं, आणि आज निवांत चालता येईल की नाही तेही कॅलेंडरातच बघायचं.

बरं, बोल्डर एकवेळ परवडलं. युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिलक्रीक कॅन्यनमध्ये चक्क सम-विषमचा कारभार आहे. वरच्या भागातल्या वाटांवर सम तारखेला सायकली, आणि विषम तारखेला कुत्री मोकळी सोडायची! पहिल्यांदा ऐकून वाटतं, वा, काय न्याय आहे. पण जरा बोटं मोजा. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस विषम. वर्षभराचा हिशेब केला तर विषम तारखा भरतात १८६ आणि सम १७९. सात दिवस कुत्र्यांनी खाल्ले! सायकलवाल्यांच्या हे कसं लक्षात आलं नाही, देव जाणे. आपल्याकडे असतं तर एव्हाना मोर्चा निघाला असता.

डोंगरात सायकल हाणायच्या या खुळाचं मूळ कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत. १९७६ च्या ऑक्टोबरात फेअरफॅक्स गावाजवळ चार्ली केली वगैरे मंडळींनी जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली डोंगरावर नेल्या आणि उतारावरून शर्यत लावली. पेडल उलटं दाबलं की लागणारे ते ब्रेक. खाली पोचेपर्यंत इतके तापायचे, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. पुढे केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ वगैरे मंडळींनी डोंगरी सायकलींचा धंदा उभा केला आणि ती सायकल जगभर पोचली. आणि शेजारच्या माउंट टॅमवर आज काय चाललंय? बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद! रुंद कच्च्या रस्त्यांवर परवानगी आहे, पण ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटरची मर्यादा. आंधळ्या वळणावर पाचच मैल. आणि हे पाळलं जातंय की नाही हे बघायला जंगलात रेंजर स्पीडगन घेऊन उभे! हायवेवर ठीक आहे हो. पण पाखरांच्या किलबिलाटात चलान?

चालणाऱ्यांची बाजू मात्र अगदीच लटकी नाही. तुम्ही ताशी चार-पाच किलोमीटरनं, आपल्याच तंद्रीत चालला आहात. वळणापलीकडे झाडी, काही दिसत नाही. एकाएकी मागून खर्रर्र, आणि पाठोपाठ आरोळी : "ऑन युअर लेफ्ट!" डावीकडून जातोय, असं त्याला सांगायचं असतं. तुमच्या कानात मात्र फक्त 'लेफ्ट' शिरतं आणि तुम्ही इमानदारीनं डावीकडेच उडी मारता. तो ब्रेक दाबतो, धूळ उडते, दोघं एकमेकांना सॉरी म्हणतात आणि मनात भलतंच काही म्हणतात. जाताना तो सांगतो, "मागे आणखी दोघं आहेत." झालं! तुम्ही काटेरी झुडपाला पाठ लावून दोघांची वाट बघत उभे. एक जातो. दुसरा येता येत नाही. तो वर चेन बसवत बसलेला असतो.

म्हणजे दुखणं जागेचं नाहीच, दचकण्याचं आहे. म्हणूनच मरीनमध्ये सायकलवाल्यांना सांगावं लागलं : हळू व्हा आणि हॅलो म्हणा. हँडलला घंटी लावा, वाजवा, बोला! आता एवढ्या साध्या गोष्टीला मोहीम लागावी? पण माणसाची जातच अशी, की ओळखदेख नसलेल्याला नमस्कार करण्यापेक्षा तिला वेळापत्रक सोपं वाटतं. वारांची वाटणी केली की कुणाला कुणाशी बोलायला नको. आणि नुसत्या धुसफुशीवर भागत नाही बरं का! कॅनडात नॉर्थ व्हँकुव्हरच्या डोंगरात सायकलींच्या वाटेवर पहाटे ओंडके आडवे पडू लागले. सायकलवाल्यांनी झाडांत कॅमेरे लपवले आणि २०१५ मध्ये प्रकरण थेट कोर्टात गेलं. आहात कुठे!

आता खरी आतली बातमी. दोघांचं भांडण जुंपलेलं असताना तिसरा एक मजेत आहे : घोडा. तिकडच्या वाटांवरचा रिवाज असा, की सायकलवाल्यानं चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, आणि चालणाऱ्यानं घोड्याला. घोड्यानं कुणालाच नाही. सायकलींनी वाट उखडते, माती वाहून जाते, अशी चालणाऱ्यांची कायमची ओरड. पण मोंटानात दोघा संशोधकांनी वाटांवर पाणी मारून, वाहून येणारी माती मोजून पाहिली. १९९४ साली निकाल छापला, तर सगळ्यांत जास्त माती निघाली घोड्याच्या टापांनी! वर वाटेत तो जे टाकून जातो त्याचा तर उल्लेखसुद्धा कुणी करत नाही. बेटासोतही घोड्यांना मज्जाव नाही. बुधवार असो, शनिवार असो, बाण कुठेही वळलेला असो.

तेव्हा बुधवारी जंगल कुणाचं आणि रविवारी कुणाचं, यावर दोघांनी खुशाल बैठका घ्याव्यात. घोड्याच्या वाराचा विषय मात्र काढून बघा कुणीतरी!