वृक्षमुक्त मार्गाची प्रशस्ती

कॅलिफोर्निया प्रांती लेगेट गावाजवळ एका गगनचुंबी रेडवुड वृक्षाच्या बुंध्यास १९३०च्या दशकात भोक पाडून त्यातून मोटार नेण्याची तजवीज करण्यात आली, आणि ते कौतुक पाहावयास लोक आजही पोराबाळांसह, पदरचे पैसे मोजून जातात. परंतु भोकावरच समाधान मानणाऱ्या त्या अर्ध्या हिमतीचे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणविणाऱ्या मुलखाने काय म्हणून कौतुक करावे? आमच्या संबंधित खात्याने तेच भोक रुंद करीत करीत वृक्षाबाहेर नेले, आणि निजामी अमदानीतील कडुनिंब-चिंचांच्या जागी आता निर्वेध, निष्कंटक, निश्छाय असा हमरस्ता पसरला आहे.

मे महिन्याच्या भर दुपारी जिंतूरच्या वाटेवर, मागच्या आसनावरील पाच वर्षांच्या चिरंजीवांनी करंगळी वर केली, तेव्हा आडोशाला एकही खोड दिसेना. तथापि मायबाप सरकारची दूरदृष्टी अशी की, कोस-दीड कोसावर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असा हिरवागार, ऐसपैस फलक उभाच होता. त्यामागे चिरंजीवांचे कार्य निर्विघ्न पार पडले, आणि वृक्षसंवर्धनाच्या त्या योजनेस प्रथमच कोणी पाणी घातले.