ड्रॅगन परवडला, आत्या नको

हल्लीच्या अद्भुत कादंबऱ्यांत पोराला पराक्रम करायचा असेल, तर आधी त्याच्या आईबापांना जावं लागतं. हॅरी पॉटर तान्हा असतानाच त्याचे दोघं गेले. टॉल्किनच्या फ्रोडोचे नदीत बुडाले. 'हंगर गेम्स'मधल्या कॅटनिसचा बाप खाणीतल्या स्फोटात गेला. एरागॉनची आई त्याला भावाच्या घरी ठेवून निघून गेली ती परत फिरकलीच नाही. आणि ज्या मामाने त्याला पंधरा वर्षं पोसलं, त्यालाही लेखकाने धड सुखाने जगू दिलं नाही. मी स्वतः मामा असल्यामुळे हे मला फार लागलं.

पुस्तकं भाचीची. ती पुण्याला शिकते. दिवाळीला आली, चकल्यांचा डबा घेऊन गेली आणि पुस्तकांची पिशवी ठेवून गेली. "मामा, गल्ल्यावर बसून रील बघण्यापेक्षा हे वाचा." मंचरला आमचं खताबियाण्यांचं दुकान आहे. भर दुपारी तिथे कुत्रंही फिरकत नाही, त्यामुळे वाचन झालं. पहिला हॅरी पॉटर मराठीत होता, बाकी सगळं इंग्रजी.

हॅरीची गाडी पावणेदहा नंबरच्या फलाटावरून सुटते, हे वाचून भाचीला म्हणे अंगावर काटा आला होता. मला काही आला नाही. पुणे-नाशिक रेल्वेची आम्ही इतकी वर्षं फलाटाशिवायच वाट बघतोय.

'ट्वायलाइट'ने मात्र डोकं उठवलं. त्यातला एडवर्ड १९१८ पासून सतरा वर्षांचाच आहे. रक्त पितो, उन्हात चमकतो, देखणा आहे, सगळं कबूल. पण शंभरी ओलांडलेला माणूस पुन्हा पुन्हा शाळेत का जातो? बरं, रात्री खिडकीतून येऊन हा शाळेतल्या बेलाला झोपलेली बघत बसतो, आणि तिचा बाप पोलिसांतला मोठा अधिकारी असून त्याला पत्ता नाही! आमच्या आळीत पोरगं नुसतं गाडी लावून उभं राहिलं, तरी समोरच्या ओट्यावरची आजी विचारते, "कुणाचा रे तू?"

हा प्रश्न भल्याभल्यांना पुरून उरतो. उत्तर दिलं की गाव निघतं, गावावरून भावकी निघते, भावकीत एक आत्या निघते आणि ती आत्या नेमकी आजीच्या जावेची बहीण असते. मग चहा होतो. रक्त पिण्याचा विषय तिथेच संपतो. लेखक मंडळी आईबापांना का मारतात, ते मला इथे उमगलं. ड्रॅगनशी लढता येतं, आत्याशी नाही.

'हंगर गेम्स' मात्र पुस्तक आहे, त्याला तोड नाही. सुझान कॉलिन्सने ते २००८ साली लिहिलं. सरकार दरवर्षी पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतं आणि २४ जणांना एकमेकांना मारायला रिंगणात सोडतं. कॅटनिस सोळा वर्षांची. तिच्या नावाच्या चिठ्ठ्या २०, कारण एक चिठ्ठी जास्त टाकली की एका माणसाचं वर्षाचं धान्य आणि तेल मिळतं. बारा वर्षांच्या बहिणीची चिठ्ठी एकच, आणि निघते तीच. मग कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. हे मी दुकानात आलेल्या तात्यांना सांगितलं. ते कीटकनाशकाची बाटली उलटी करून तारीख बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धान्यासाठी ई-केवायसी लागतंय का तिथं?" लागत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग लोकांनी नावं दिली असणारच." एवढं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

'फोर्थ विंग' हे २०२३ चं. त्यात आई जिवंत आहे म्हणून मी आनंदलो, तर ती निघाली सेनापती. लेकीला पुस्तकांत राहायचंय, आई तिला ड्रॅगनवर बसायला पाठवते. म्हणजे पोरीला आर्ट्सला जायचं असताना सायन्स घ्यायला लावावं, तसं. इथे नापास होणारे बहुतेक मरतात, एवढाच फरक. पुस्तक पळतं झकास. पण पुढची काही प्रकरणं भाचीने मामाच्या हाती द्यायची नव्हती. ती मी वाचली नाहीत, असं तिला सांगितलं आहे.

आता एरागॉन. याला जंगलात निळा दगड सापडतो, ते निघतं ड्रॅगनचं अंडं. पिल्लू बाहेर येतं, हा ते रानात झाडावर लपवून वाढवतो आणि गावाला कळत नाही. क्रिस्तोफर पाओलिनी हे लिहायला बसला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, म्हणून सोडून देऊ. आमच्या जुन्नर-आंबेगावात ऊसतोड सुरू असताना फडात बिबट्याची बछडी सापडतात. मांजराच्या पिल्लाएवढी, डोळे जेमतेम उघडलेले. कोयते थांबतात. वनखात्याला फोन जातो आणि त्याच्या आधी निम्मं गाव येतं. डॉक्टर तपासतात, अंधार पडायच्या सुमारास बछडी क्रेटमध्ये घालून होती त्याच जागी ठेवतात, गर्दी हटवतात, कॅमेरा लावतात. रात्री मादी येते, हुंगते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून उसात नेते. एरागॉनने अंडं परस्पर घरी नेलं. आमच्याकडे तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पहिल्याच प्रकरणात आत गेला असता. शिवाय ड्रॅगनने मेंढरं खाल्ली तर पंचनामा कोण करतं, नुकसानभरपाई कोण देतं, याबद्दल अख्ख्या कादंबरीत अवाक्षर नाही. बिबट्यापायी आमच्या भागात माणसं गेलीत, लेकरं गेलीत. त्यामुळे असल्या जनावराशी लगेच जिवाभावाची मैत्री जमते, हे आम्हाला पटवणं लेखकाला जड जाईल.

प्रवासाचं म्हणाल, तर फ्रोडो सोबत आठ जण घेऊन निघाला होता. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला, आणि गळ्यात कॉलर घालून तो एकटाच सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. त्याच्यावर सिनेमा निघाला, कादंबरीचे तीन खंड नाही निघाले.

या पुस्तकांच्या पहिल्या पानावर नकाशा असतो: काळा डोंगर, बुडालेलं नगर, असं काहीबाही. आमचा नकाशा काढा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात आहे आणि कचेरी घोडेगावला. खोडदला आभाळाकडे कान लावून बसलेल्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा शिलालेख आहे आणि जकातीचा दगडी रांजण. टॉल्किनला एवढं आयतं मिळालं असतं, तर त्याने आणखी चार भाषा रचल्या असत्या.

आणि अद्भुत कादंबरी आपल्याकडे नव्हती असं नाही. सिंहगडावरून पडून अधू झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून लेखणी धरली, आणि १९१३ साली 'वीरधवल' आलं. भा. रा. भागवतांनी तर सगळ्यात सुज्ञ तोड काढली होती. फास्टर फेणेच्या घरच्यांना त्यांनी मारलं नाही. पोराला फुरसुंगीहून उचललं आणि पुण्याच्या विद्याभवनात घातलं. आईबाप खुशाल, पोरगं मोकळं.

तेव्हा नव्या दमाच्या लेखकांना विनंती आहे. जुन्नर-आंबेगावची एक दणदणीत अद्भुत कादंबरी लिहा, बिबट्या घाला, बुडालेलं गाव घाला, मी दहा प्रती गल्ल्यावर ठेवून विकतो. फक्त पोराच्या आईबापांना वसतिगृहाच्या खर्चाची काळजी करायला जिवंत ठेवा, आणि मामाला हात लावू नका.