नानांची शिल्लक

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. ते बँकेतून निवृत्त होतात, हिशेबातून होत नाहीत. नोकरीत कॅश जुळल्याशिवाय घरी गेले नाहीत. आता गोळ्या जुळल्याशिवाय झोपत नाहीत.

कागदावरचं 1-0-1 डॉक्टर घाईत खरडतात, नाना ते परिपत्रकासारखं वाचतात. 'जेवल्यावर' म्हणजे शेवटच्या घासानंतर की हात धुतल्यावर, याचा खुलासा मागतात. गोळी घेतली की कालनिर्णयवर बरोबरची खूण, चुकली की खाडा. त्याच चौकोनात काकू दुधाचा खाडा मांडतात. त्यामुळे शुगरच्या दोन चुकलेल्या गोळ्यांचे पैसे एकदा दूधवाल्याच्या बिलातून कापले गेले.

मुलाने अमेरिकेहून सात खणांची डबी पाठवली. खणांवर इंग्रजी अक्षरं. त्यांत एस दोन, टी दोन. "हा एस शनिवारचा की रविवारचा? असलं लेजर साहेबांनी तोंडावर फेकलं असतं!" डबीत आता सुपारी असते. मग मोबाइलवर गजर लावला. तो नेमका शोकसभेत वाजला. सगळे स्तब्ध उभे होते. निम्म्या सभागृहाने आपापले खिसे चाचपले.

काकूंची पद्धत बिनखर्ची. थायरॉइडची गोळी अनशापोटी घेतली की बाटली उलटी ठेवायची, निजताना सुलटी. नाना जाता-येता ती नीट उभी करतात.

"अहो, मी गोळी घेतली का हो?"

"शंका असेल तर पुन्हा घ्यायची नाही," असा नियम सांगून नाना बाटली ताटलीत ओततात आणि मोजायला बसतात. शंभरातून गेलेले दिवस वजा केले की काकूंना उत्तर मिळतं. तोवर चहाची वेळ टळलेली असते.

नानांचं खरं दुखणं मात्र पट्ट्यांचं. बीपीची पंधराची, रक्त पातळ करायची चौदाची, शुगरची दहाची. रोज एकेक. एक संपते तेव्हा दुसरीत चार उरलेल्या, म्हणून केमिस्टकडे सतत खेपा. शेवटी नानांनी ल.सा.वि. काढला: 210. दोनशे दहाव्या दिवशी तिन्ही पट्ट्या एकदम संपणार, शिल्लक शून्य! त्या तारखेभोवती लाल गोल पडला. मग लग्न असो, बारसं असो, नानांचा एकही खाडा झाला नाही.

त्याचंच फळ आडवं आलं. गोल चार दिवसांवर असताना डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "बीपी झकास आहे. आता गोळी अर्धीच घ्या."

काकूंनी देवापुढे साखर ठेवली. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. अपूर्णांक त्यांनी बँकेतसुद्धा खपवून घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले. पंधराची पट्टी आता तीस दिवस पुरणार. तीस, चौदा, दहा. उत्तर पुन्हा 210च आलं.

"डॉक्टरला कळतं हो," नाना म्हणाले, आणि नवीन लाल गोल काढायला पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आणायला निघाले.