गाडी बापूच्या नावावर

अकोटातल्या कोणत्याही आळीत जा, एक बापू सापडतोच. वय साठीच्या आगेमागे. नोकरी पंचायत समितीत, झेडपीच्या शाळेत नाहीतर एखाद्या जिनिंगच्या हिशेबात झालेली. खिशाला पेन, खांद्यावर दुपट्टा आणि अंगणात १२५ सीसीची स्कूटर. आरसीवर नाव बापूचं, विम्यावर बापूचं, पीयूसी संपली की मेसेज येतो तोही बापूलाच. हप्ते त्यानंच फेडले. चालवतात मात्र बाकीचे.

रस्त्यात भेटणारा बापू त्यामुळे बहुधा पायी असतो. "गाडी कुठी आहे बापू?" असं विचारलं की तो आधी घड्याळ पाहतो, मनाशी काहीतरी हिशेब करतो आणि म्हणतो, "आता तं शिवाजी कॉलेजच्या तिकडं असन. पाच वाजता नरसिंग महाराजाच्या मंदिराकडं येईन."

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बापूकडे चेतक होती. बजाजनं १९७२ मध्ये काढलेल्या त्या स्कूटरला नाव राणा प्रतापाच्या घोड्याचं होतं आणि घोड्यासारखीच ती धन्याशिवाय कोणाला पाठीवर घेत नसे. आधी मिळायचीच मुश्किलीनं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस. मिळाल्यावर पुढचं शास्त्र निराळं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल टाकायचं. सकाळी चोक ओढायचा. तरी हुं की चूं नाही केलं तर अख्खी गाडी एका अंगावर कलती करायची, सरळ करायची आणि मग किक. तेवढ्यानंही भागलं नाही तर प्लग काढून, पुसून, फुंकर मारून परत बसवायचा. चार गिअर डाव्या मुठीत. दुसरा नेमका कुठं लागतो हे फक्त बापूच्या मनगटाला ठाऊक.

त्या काळात बापूच्या उदारपणाची गावात कीर्ती होती. कोणी चेतक मागितली की तो एका शब्दानं आढेवेढे घेत नसे. "न्या नं, खुशाल न्या. घरचीच समजा." मागणारा अर्धा तास किक मारत राही, घामानं भिजे, शेवटी "राहू द्या बापू, सायकलच नेतो" म्हणून निघून जाई. दानाचं पुण्यही पदरात आणि गाडीही अंगणात, असा सोन्याचा काळ होता तो. किनेटिक होंडा १९८४ पासून बटणावर सुरू होत होती, तिला गिअरही नव्हते. तिला बापू "बायाची गाडी" म्हणून हसायचा. कोणालाही चालवता येणारी वस्तू आपली राहत नाही, हे त्याला तेव्हा तरी उमजलं असावं असं मला वाटतं. नाहीतर एका स्कूटरचा इतका राग कशाला?

पुढे चेतकचे पार्ट मिळेनात, बापूचा गुडघा किकला दाद देईना, आणि एका दसऱ्याला नवी गाडी आली. १२५ च का, याचं उत्तर बापूकडे तयार होतं. शंभर-एकशेदहाची गाडी नरनाळ्याच्या चढाला डबलसीट दम टाकते. दीडशेच्या वरची पोट्ट्याईची, अन् किमतीनं लाखाच्या बरीच पुढं. मधली चांगली. ॲक्सेस १२५ ही २००७ पासून रस्त्यावर आहे, नंतर ॲक्टिव्हा, एनटॉर्क, ज्युपिटर सगळ्यांनी तोच आकडा धरला; इतक्या कंपन्या चुकतीन काय, हा त्याचा बिनतोड सवाल. सगळ्यांना झेपेल अशी गाडी त्यानं हुडकून हुडकून घेतली आणि सगळ्यांना ती झेपली.

पहिला वार घरातूनच झाला. काकूंनी चेतकला जन्मात हात लावला नव्हता. त्यांनी नव्या गाडीचं बटण दाबलं, कान पिळला, मंदिरापर्यंत जाऊन आल्या आणि अंगणात उभं राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे तं लय सोपं आहे हो! तुम्ही इतके वर्सं कायचं कौतुक सांगत होते?"

त्या दिवसापासून चावी खुंटीवर टिकली नाही. सुनेची शाळा, मुलाचं वावर, नातवाचं ट्यूशन, आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात आळी. "चाबी द्या बरं बापू, दोन मिन्टात आलो." अकोटातली दोन मिनिटं चोहोट्ट्यापर्यंत पुरतात, अंजनगावपर्यंतही पुरतात. आणि या गाडीला पाय ठेवायला सपाट जागा आहे, हा तिचा मोठा घात. त्या जागेवर गॅसचं सिलिंडर बसतं, सरकी ढेपेचं पोतं बसतं, केळीचा घड बसतो, मधल्या बहिणीचा लहान मुलगा उभा राहतो. मोटारसायकल मागणाऱ्याला निदान एकट्यानं जावं लागतं. स्कूटर मागणारा घर हलवतो. (नेणाऱ्यांत मीही आहे, म्हणून एवढं तपशिलानं सांगता येतं.)

बापू कोणाला नाही म्हणत नाही. चेतकच्या काळात कमावलेली कीर्ती आता मोडवत नाही. तो फक्त मागाहून तपास करतो. आरसा वर वळलेला असला तर मुलगा. खाली असला तर सून. आरशात रस्ता न दिसता स्वतःचं तोंडच दिसत असलं तर नातू. डिकीत बारीक वाळलेली मेथी सापडली तर काकू. मीटरवर ट्रिप 'ए' आणि ट्रिप 'बी' अशी दोन खाती असतात. 'ए' सगळ्यांना माहीत आहे. 'बी' बापूचं गुप्त खातं आहे. "इथंच गेलतो बापू, तहसीलपर्यंत," असं कोणी म्हणालं की बापू "बरं बरं" म्हणतो, चावी घेतो आणि आत जाऊन वहीत खरा आकडा लिहितो.

ती वही पाहण्यासारखी आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. पेट्रोल शंभरीपार गेलं त्या दिवशी बापूनं लाल शाईनं रेघ मारली आहे. त्या रेघेखाली ॲव्हरेजचा कॉलम आहे आणि तो उतरत जातो. याचं खापर बापू इथेनॉलवर फोडतो. त्यात तथ्य थोडं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की गाडी थोडी कमी पळणारच. पण बापूच्या वहीतली घसरण पाहता त्यातला बराच भाग इथेनॉलचा नसून पुतण्याचा आहे. "पेट्रोल टाकजो बरं थोडंसं," असं बापू प्रत्येकाला सांगतो. "टाकतो नं बापू!" असं प्रत्येक जण म्हणतो. गाडी परत येते तेव्हा काटा लाल रेघेवर टेकलेला असतो.

चालवणं हातचं गेलं, तसा बापू राखण्याकडे वळला आणि तिथं मात्र त्याच्या वाटेला कोणी जात नाही. पुढच्या चाकात २२, मागच्यात एकट्याला २९ आणि डबलसीट ३६, हे आकडे तो मंत्रासारखे म्हणतो. हवावाला पोट्टा दोन्ही चाकांना चाळीस ठोकून मोकळा होतो, म्हणून बापू मोजायचं यंत्र स्वतःच खिशात ठेवतो आणि जास्तीची हवा सोडताना त्याच्या चेहऱ्यावर न्यायाधीशाचं समाधान असतं. ऑइल तो स्वतः विकत आणून मिस्त्रीच्या हातात देतो आणि रिकामा डबा परत घेतो. इंजिनचं ऑइल सगळेच बदलतात. मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीतलं शंभरेक मिलीलिटर ऑइल मिस्त्री विसरतो, ते बापू विसरू देत नाही. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की कापसाची तूस रस्ताभर उडते, तेव्हा एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकापेक्षा लवकर पाहायचा, हा त्याचा स्वतःचा नियम, आणि तो बरोबर आहे.

"बापू, तुम्ही घरी जा नं. मी करतो," मिस्त्री काकुळतीला येतो.

"तू कर नं. मी फक्त पाह्यतो."

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मग बापू गाडी लिंबाखाली लावतो, सीटवर ओलं पोतं टाकतो, पोत्यावर पाखरं घाण करतात म्हणून त्यावर दुपट्टा टाकतो आणि स्वतः उघड्या डोक्यानं फिरतो. एकदा पुतण्यानं चोहोट्ट्याकडून येताना गाडी तिकडच्याच बोअरवर धुऊन आणली. तो खारपाणपट्टा. अकोटात येईस्तोवर गाडी वाळली आणि तिच्या अंगभर पांढरे पट्टे उमटले. "चमकून आणली बापू!" पुतण्या म्हणाला. बापूनं गोड पाण्याचा नळ येईपर्यंत ओल्या फडक्यानं मीठ टिपलं. पुतण्याला एक शब्द बोलला नाही. त्या रात्री जेवला मात्र नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल बंद झाला. अकोल्याला जायचं तर लांबचा वळसा पडू लागला आणि ट्रिप 'बी' फुगू लागली. नोव्हेंबरात अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली तेव्हा गावाला आनंद झाला तो दळणवळणाचा; बापूला झाला तो गाडीचा. आता लोक रेल्वेनं जातील, चावी खुंटीवर राहील, असं त्यानं धरलं. आठ दिवसांत आळीच्या ध्यानात आलं की स्टेशनवर जायला गाडी लागते. सकाळी गाडी स्टेशनवर जाऊन उभी राही, संध्याकाळी परत येई, आणि बापू दिवसभर तिच्या उन्हाची काळजी करी.

एकदाच त्यानं चावी मुठीत धरली. नातू सोळाचा झाला आणि म्हणाला, "आजोबा, सोळाव्या वर्षी लायसन भेटते." बापूनं कायदाच काढला. सोळाव्या वर्षीचं लायसन बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरगा गाडीसकट सापडला तर पालकाला नाहीतर गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. "मालक कोण आहे?" बापूनं विचारलं. सगळ्यांनी एकमुखानं बापूकडे बोट दाखवलं. मालकीवर घरात एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

आता सुनेचं म्हणणं आहे, विजेची गाडी घेऊ. चेतकच घेऊ, २०२० मध्ये बजाजनं त्याच नावानं विजेवरची काढली आहे. नाव ऐकून बापू हरखला आणि शोरूमला गेला. सवयीनं पहिला प्रश्न टाकला, "ॲव्हरेज किती देते?" विक्रेत्या पोरानं एका चार्जिंगमधले किलोमीटर सांगितले. ऑइल? नाही. प्लग? नाही. एअर फिल्टर? नाही काका, काहीच करायचं नाही. बापूचा चेहरा उतरत गेला. करायचंच काही नाही तर घ्यायची कशाला?

मग पोरगा म्हणाला, वरच्या मॉडेलला चावी पण लागत नाही.

बापू ताठ झाला. "चाबीच नाही म्हनता? मंग मागाले कोन येईन?" कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर चेतकच्या काळातलं हसू आलं. पोरानं उत्साहानं पुढं सांगितलं, की गाडी मोबाइललाही जोडता येते, कुठं आहे तेही त्यावर कळतं.

बापूनं मोबाइल खिशात चाचपून पाहिला. तो नातवाकडे होता.